मूल घरातच वाढावे म्हणून

निराधार मुलांना आश्रय देणे हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवाकार्याचे सर्वांत ठळक रूप दीर्घकाळ राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात वाढलेल्या मुली हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु ज्या मुलाचे आईवडील, निदान त्यांपैकी एक, हयात आहेत आणि केवळ संसार मोडकळीला आला आहे, त्याला वसतिगृहात धाडण्यापेक्षा त्याचे घर सावरणे अधिक हिताचे असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही कुटुंबालाच अग्रक्रम देऊन संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे.

घर सावरण्याची ही रीत जवळून पाहायची असेल, तर कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतील भाविकसमूहांत, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम पाहावे. फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचा कणा म्हणजे गृहभेट: सभासद दोघादोघांनी गरजू कुटुंबाकडे जातात, दारातूनच पाकीट देऊन परतत नाहीत, तर घरात बसून आईच्या औषधाची चिठ्ठी, थकलेले भाडे, मुलाची बुडालेली शाळा यांची चौकशी करतात आणि काय करता येईल ते बैठकीत मांडतात. त्याच बैठकीत एक थैली फिरते, जिच्यात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही, आणि मदत घेणाऱ्या कुटुंबाचे नावही बाहेर जाऊ दिले जात नाही. या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट ही गुप्तताच होय, कारण ज्याची फी भरली गेली तो मुलगा आणि ज्याने ती भरली त्याचा मुलगा रविवारी धर्मशिक्षणाच्या एकाच वर्गात बसतात.

पैशाने सर्व काही सुटत नाही. वडील दारूच्या आहारी गेले असतील तर धान्याची पिशवी पुरी पडत नाही. अशा वेळी त्यांना व्यसनमुक्तीच्या गटापर्यंत पोचवणे आणि शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला आईच्या सोबत बसणे, हीच खरी सेवा ठरते. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळी मुलासाठी नेमलेले धर्मपिता व धर्ममाता येथे फार उपयोगी पडू शकतात; चर्चच्या नियमानुसार ही जबाबदारी आईवडिलांना घेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मुलासाठी आणखी एक प्रौढ व्यक्ती आधीच बांधील असते. दुर्दैवाने हे नाते बहुधा भेटवस्तूंपुरतेच उरते.

आणि जिथे मुलाला घरातच, किंवा चर्चच्याच आवारात, लैंगिक अत्याचाराचा धोका आहे, तिथे गुप्ततेचा नियम लागू होत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि केवळ धर्मगुरूंच्या कानावर घातल्याने हे कर्तव्य पूर्ण होत नाही.