श्रद्धेचा फायदा आणि एका दशकाचा वाद

‘नित्य उपासनेने आयुष्य वाढते, हे विज्ञानानेही मान्य केले आहे’ असा मजकूर हल्ली सकाळच्या शुभेच्छांबरोबर मोबाईलवर येतो आणि विषय तिथेच संपतो. २००१ नंतरच्या ज्या दशकाने श्रद्धेचा फायदा नेमका काय आणि कोणाला, या प्रश्नाशी खरी झुंज दिली, त्याची अशी गोळीबंद जाहिरात व्हावी याचे वाईट वाटते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्येच धर्मसमूहाचे बंधन माणसाला आत्महत्येपासून सावरते, असे मांडले होते. पुढचे शतक बरेचसे त्याच वर्तुळात फिरले. खरी खडाजंगी झाली ती २००१ नंतर. मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांच्या मते धर्म हे मनाच्या इतर उपयुक्त सवयींचे उपउत्पादन. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड स्लोन विल्सन यांच्या मते तो समूहाला तगवणारा गुण. २००६ मध्ये तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी विचारले की फायदा माणसाचा होतो, की त्याच्या डोक्यात घर करणाऱ्या कल्पनेचा? स्वतः नास्तिक असूनही विल्सन धर्माचे कडवे टीकाकार रिचर्ड डॉकिन्स यांच्याकडे त्यांच्या दाव्यांचा पुरावा मागत होते. असे मतभेद आता दुर्मीळ झाले आहेत.

त्याच २००६ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा उपयोग झाला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होते, त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, इतरांत हे प्रमाण ५१-५२ टक्के होते. यावर नास्तिकांनी केलेला जल्लोष अस्थानी होता, कारण प्रार्थना करणाऱ्याला स्वतःला काय मिळते, हे त्यात तपासलेच नव्हते. ते दिसले प्रयागच्या माघ मेळ्यात. थंडीत महिनाभर तंबूत राहायचे, पहाटे गंगेत बुडी मारायची, कोलाहलात झोपायचे; तरीही २०१२ च्या अभ्यासात, परतल्यावर महिन्याने या व्रतस्थ कल्पवासींनी सांगितलेली प्रकृतीतली सुधारणा गावी राहिलेल्यांपेक्षा अधिक निघाली.

मेळ्यातला हा फायदा माणसांच्या सोबतीचा असेल, तर मग नुसती सोबत पुरे, देव कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ८३ अमेरिकन सहजीवन-वसाहती तपासल्या, तेव्हा धार्मिक वसाहतींत नियम जितके कडक तितकी वसाहत टिकाऊ निघाली. निधर्मी वसाहतींत तसल्याच नियमांचा असा परिणाम दिसला नाही. पावित्र्य मानले की त्यागाचा हिशेब कोणी मागत नाही, असे मला यातून दिसते. म्हणूनच दीर्घायुष्याचे औषध म्हणून श्रद्धा विकणारे तिच्या मुळावरच घाव घालतात: फायद्यासाठी धरलेली श्रद्धा पहिल्या तोट्यालाच सुटणार. शिवाय मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या पाहणीत सुस्थितीतल्या देशांत श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्या समाधानातला फरक जवळजवळ पुसला गेला होता. म्हणजे श्रद्धेचा आधार जाणवतो तो जिथे दुसरा आधार नाही तिथे.

आणि समूह घट्ट ठेवणारी कडक शिस्तच माणसाला वाळीतही टाकते. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो जातपंचायतींच्या अशाच शिक्षांमुळे. मंदिरात किंवा चर्चमध्ये नियमित जाणाऱ्यांची प्रकृती मोजताना आपण आत राहिलेल्यांनाच मोजतो. ज्यांना पंगतीतून उठवले, ज्यांच्या घरच्या मयतीला कोणी खांदा दिला नाही, ते त्या मोजणीत भाविक म्हणून येतच नाहीत.