लाकडाची पारख आणि कारागिरांची सोबत

एप्रिल 2022 मध्ये, ऐन रमजानात, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'हुनर हाट' भरला होता. आम्ही अब्बांना घेऊन गेलो. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. गुडघे दुखू लागल्यापासून रंधा माळ्यावर पडून होता.

सहारनपूरच्या स्टॉलवर शीशमची जाळीदार चौकट दिसताच अब्बा थबकले. कारागिराला सलाम करून त्यांनी ती उलटी केली. आम्ही समोरची नक्षी बघत होतो, ते मागचे सांधे! "पारख इथं होते," ते म्हणाले.

कारण साधं आहे. ओलं लाकूड वाळताना आकसतं. रुंदीत जास्त, लांबीत फारच कमी. म्हणून घाईत केलेली वस्तू पुढे वाकते, तडकते, सांधे उघडतात. वाळलेलं लाकूड ओल्यापेक्षा हलकं लागतं आणि ठोकल्यावर खणखणीत वाजतं. सांध्यात भुसा आणि गोंद भरलाय का, तेही खरेदीआधी बघावं. काश्मिरी अक्रोडाचं लाकूड तर कोरण्याआधी काही वर्षं वाळवतात.

मगरिबच्या अजानला दोघांनी एकाच ताटातल्या खजुरांवर रोजा सोडला. पटाशीला धार कशी लावावी, यावर मात्र एकमत होईना! त्या कारागिराचा मुलगा या धंद्यात यायला तयार नाही, हे ऐकून अब्बा गप्प झाले. आम्हीही मास्तरकीच धरली होती ना!

चौकट घेतली, घासाघीस न करता. घरी येताच अब्बांनी माळ्यावरचा रंधा काढायला लावला. आता रविवारी आमची मुलं त्यांच्याजवळ बसतात.