फिरत्या लाकडावर सीएनसी: चौथ्या अ‍ॅक्सिससाठी टूलपाथ आणि कटर कसा निवडायचा?

पनवेल म्हटलं की आज एक्स्प्रेसवे आणि विमानतळ आठवतो. पण ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख वेगळीच आहे: बैलगाडीची चाकं. घाटावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जायचे.

हे मला कळलं ते एका ऑर्डरमुळे. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या मित्राच्या काकांचं पनवेलमध्ये फर्निचरचं वर्कशॉप आहे, तिथे रोटरी लावलेला छोटा सीएनसी राउटर आहे. काकांना शोभेच्या चाकांचं काम मिळालं आणि प्रोग्राम करायला मला बोलावलं. बनवायचा होता तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला, आरे बसतात तो गोल ठोकळा.

साध्या राउटरमध्ये एक्स, वाय आणि झेड असे तीन अ‍ॅक्सिस असतात. चौथा 'ए' अ‍ॅक्सिस चकमध्ये धरलेला जॉबच फिरवतो. बाकीचे मिलिमीटरमध्ये चालतात, हा अंशांत. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पहिली गडबड मी पहिल्याच दिवशी केली. सागवानाचा ठोकळा 80 बाय 80 मिमी. केंद्रापासून पृष्ठभाग 40 मिमी, म्हणून मी कटर उचलायची सुरक्षित उंची 45 ठेवली. ठोकळा फिरला आणि कोपरा थेट कटरवर आदळला. कटरचे दोन तुकडे! काका शांतपणे म्हणाले, "अरे, कोपरा मोजलास का?" नव्हता मोजला. चौरसाचा कर्ण 113 मिमी, म्हणजे कोपरा केंद्रापासून 56.6 मिमीवर असतो. म्हणून झेडचा शून्य लाकडाच्या पृष्ठभागावर न घेता फिरण्याच्या केंद्रावर घ्या, आणि सुरक्षित उंची कोपऱ्याच्या हिशोबाने ठेवा. मी आता 65 ठेवतो.

ठोकळा गोल करायला 6 मिमीची, दोन धारांची सपाट एंडमिल चांगली. फक्त एका फेरीत सगळं काढायला जाऊ नका. सपाट बाजूवर काढायला काहीच नसतं आणि कोपऱ्यावर एकदम 16 मिमी लाकूड समोर येतं. थर करून उतरा.

आता आऱ्यांच्या खाचा. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो, आणि ही चूक जास्त महागात पडली. मी खाचांची डिझाइन सपाट कागदासारखी काढून गोलावर 'गुंडाळली'. कॅम सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय असतो, दिसतोही मस्त. पण गुंडाळलेल्या टूलपाथमध्ये खाचेची रुंदी अंशांत ठरते. जितके केंद्राकडे जाल तितका तोच कोन कमी अंतराचा होतो. त्यामुळे खाच आत निमुळती झाली, आणि सरळ टोकाचा आरा आत जाईना. अख्खा तुंबा वाया गेला. सागवानाचा भाव माहीत असेल तर काकांचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको.

सरळ भिंती हव्या असतील तर इंडेक्सिंग वापरा. जॉब ठरलेल्या कोनावर फिरवायचा, थांबवायचा, मग नेहमीच्या तीन अ‍ॅक्सिसवर खाच कापायची. 12 आरे असतील तर दर 30 अंशांवर. 6 मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात 3 मिमी त्रिज्येची गोलाई ठेवतोच, ती काकांनी पटाशीने साफ केली.

गोल कडी, नक्षी, यांना मात्र जॉब सतत फिरताच हवा. तुंब्यावरच्या कड्या गोलाकार असतात, म्हणून सर्पिल टूलपाथ घ्या: जॉब फिरतो, कटर हळूहळू पुढे सरकतो आणि झेड जवळजवळ स्थिर राहतो. लांबीच्या दिशेने गेलात तर प्रत्येक कडीवर कटरला चढ-उतार करावा लागतो. उलट, खांबावर उभ्या पन्हळी असतील तर लांबीचाच टूलपाथ बरा.

फिनिशिंगला बॉलनोज कटर. दोन फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या धारेची उंची साधारण अशी काढतात: फेरीतल्या अंतराचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. 6 मिमी बॉलनोज, अंतर 0.6 मिमी, तर धार 0.015 मिमी. अंतर निम्मं केलं तर धार चौपट कमी, पण वेळ दुप्पट. 150 मिमी लांबीच्या तुंब्याला मिनिटाला 1000 मिमीच्या वेगाने 0.6 मध्येच तासभर जातो. लाकडाला पॉलिश पेपर लागणारच आहे, मग 0.3 कशाला?

राहिला फीड. 80 मिमी व्यासावर एक अंश म्हणजे 0.7 मिमी, 40 मिमी व्यासाच्या खोलगट भागात फक्त 0.35. फीड अंशांत एकच ठेवलात तर खोलात कटरचा वेग निम्मा होतो, तो कापण्याऐवजी घासतो आणि लाकूड काळं पडतं. उपाय आहे जी93. यात वेग देण्याऐवजी 'ही हालचाल किती वेळात संपवायची' ते दर ओळीत सांगतात. सगळे कंट्रोलर ते समजत नाहीत, आधी तपासा. नसेल तर व्यासाप्रमाणे टूलपाथचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा फीड द्या. आम्ही तेच केलं.

जी-कोडची फाइल साधी टेक्स्टच असते, मोबाईलवरही उघडते. मी आता वर्कशॉपला जाताना रिक्षात बसूनच त्यातले झेडचे आकडे बघतो. तुंबा फिरवण्याच्या ओळीआधी 56.6 पेक्षा छोटा झेड दिसला, तर काकांना फोन करून मशीन सुरू करू नका म्हणून सांगतो.