तुलनेची दोन पदे : इंग्रजी व मराठी रचनांचा विचार

कोणत्याही तुलनेत तीन घटक गृहीत असतात : जिची तुलना करावयाची ती वस्तू, जिच्याशी करावयाची ती वस्तू आणि दोहोंना समान असा धर्म. अलंकारशास्त्राने यांनाच उपमेय, उपमान व साधारण धर्म अशा संज्ञा दिल्या असून, उपमेय उपमानाहून सरस ठरविणाऱ्या उक्तीस व्यतिरेक अलंकार मानले आहे. व्याकरणातील तुलनावाचक रचना हे या व्यतिरेकाचेच नित्याच्या गद्यातील रूप होय. काव्यात उपमान अध्याहृत राहिले तरी चालते. विवेचक गद्यात मात्र तुलनेची दोन्ही पदे एकाच जातीची असावी लागतात. इंग्रजी व्याकरण तुलनेच्या संदर्भात ज्या समांतर रचनेचा आग्रह धरते, तिचे मर्म हेच आहे.

इंग्रजीत तरभाव दोन प्रकारे व्यक्त होतो. 'टॉल'सारख्या लघु विशेषणास प्रत्यय लागून 'टॉलर' होते. 'ब्यूटिफुल'सारख्या दीर्घ विशेषणापूर्वी 'मोअर' येते. 'मोअर टॉलर' यासारखी दुहेरी रूपे शेक्सपिअरच्या काळात रूढ होती. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणाने ती अयोग्य ठरविली आणि प्रमाण इंग्रजीत ती आजही अशुद्ध गणली जातात. मराठीत विशेषणाचे रूप बदलत नाही. तुलनेचा सारा भार 'पेक्षा' व 'हून' यांवर पडतो. संस्कृतातून आलेली 'उच्चतर', 'उच्चतम' ही रूपे ग्रांथिक भाषेपुरती राहिली आहेत. 'श्रेष्ठ' हे तर मूळचेच तमभावी रूप. परंतु मराठीत ते साधे विशेषण बनल्यामुळे 'अधिक श्रेष्ठ' कोणास खटकत नाही.

खरी अडचण उद्भवते ती 'पेक्षा'च्या पूर्वपदात. 'माझे घर तुझ्यापेक्षा मोठे आहे' या वाक्यात 'तुझ्या' हे 'तू'चे सामान्यरूप असू शकते, तसेच 'तुझ्या घरा' याचा संक्षेपही असू शकतो. दोन्ही रूपे एकच असल्याने मराठी वाचक योग्य तो अर्थ सहज घेतो. तेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले असता घराची तुलना व्यक्तीशी होते. तेथे 'यू' नव्हे, 'युअर्स' हवे. मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील या चुकीचे मूळ निष्काळजीपणात नसून मातृभाषेने दिलेल्या सवलतीत आहे.

'पेक्षा' आणखी एक भेद पुसून टाकते. 'तो तिच्यावर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करतो' या वाक्यातील 'मी' प्रेम करणारा की प्रेमाचा विषय, हे कळत नाही. काटेकोर इंग्रजीत सर्वनामाच्या कर्तृरूपाने व कर्मरूपाने हा निर्णय होतो. मराठीत त्यासाठी उपवाक्य पूर्ण करावे लागते : 'मी करतो त्यापेक्षा' किंवा 'माझ्यावर करतो त्यापेक्षा'.

हा प्रश्न केवळ भाषाशिक्षणाचा नाही. 'मर्ढेकरांची प्रतिमासृष्टी केशवसुतांपेक्षा अधिक संमिश्र आहे' अशा धर्तीची विधाने समीक्षालेखनात व प्रबंधांत सर्रास आढळतात. येथे प्रतिमासृष्टीची तुलना कवीशी झाली आहे. 'केशवसुतांच्या प्रतिमासृष्टीपेक्षा' असे लिहिताच विधानाची जबाबदारी वाढते, कारण आता केशवसुतांच्या प्रतिमाही तपासून दाखवाव्या लागतात. 'अधिक प्रगल्भ', 'अधिक वास्तव' अशी विशेषणे उपमानाशिवाय येतात, तेव्हा तर मूल्यमापनाचा निकषच अदृश्य होतो. दुसरे पद गाळणे म्हणजे पुष्कळदा पुरावा गाळणे होय.

समांतरता हा मराठीला परका गुण नव्हे. 'जितका–तितका', 'जसा–तसा' या जोड्यांत दोन्ही अंगे समतोल ठेवण्याची सोय भाषेनेच करून ठेवली आहे. तोच समतोल पदांच्या मालिकेतही राखावा लागतो. 'वाचन, टिपणे काढणे आणि चर्चा' ही मालिका विषम आहे. 'वाचन, टिपण आणि चर्चा' ही सम आहे.

तात्पर्य, तुलनावाचक वाक्य लिहून झाल्यावर 'कशाची, कशाशी आणि कोणत्या बाबतीत' हे तीन प्रश्न त्याला विचारले जावेत. तिन्हींची उत्तरे वाक्यातच मिळाली, तर रचना शुद्ध आणि विचारही शुद्ध. एखादे उत्तर मिळाले नाही, तर उणीव बहुधा व्याकरणाच्याही आधी अभ्यासात असते.