४,२९,४९,६७,२९७ : एका दहा अंकी संख्येची फोड

२ चा ३२ वा घात करून त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. तिच्या शेवटी ७ असल्याने २ किंवा ५ ने ती विभागली जात नाही. अंकांची बेरीज ५९ असल्याने ३ नेही भाग जात नाही. ७, ११, १३ यांनीही बाकी उरतेच.

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० साली अशा संख्यांकडे लक्ष वेधले. २ चे १ ला, २ रा, ४ था, ८ वा आणि १६ वा हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढेही मूळ संख्याच मिळतील, असे फर्माला वाटत होते; सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती. या क्रमातली सहावी संख्या म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७.

ती मूळ आहे की नाही हे सरळ मार्गाने तपासायचे, तर ६५,५३६ पेक्षा लहान असलेल्या सर्व ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. १७३२ साली लिओनार्ड ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले : ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हेही त्याने पुढे सिद्ध केले. या कसोटीला उतरणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पडताळता येते. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. ६४० ला ६४१ ने भागताना बाकी −१ धरता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १ येते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६४१ = ६२५ + १६, म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी −१६ चालते. १६ हा २ चा ४ था घात. त्यामुळे गुणाकार २ च्या ३२ व्या घाताचा, पण ऋण चिन्हाचा होतो. म्हणजेच २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवला की शून्य.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येते : ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, आणि ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. मूळ संख्येची अशी मांडणी फार तर एकाच प्रकारे होते. त्यामुळे विभाजक ठाऊक नसला तरी ही संख्या संयुक्त आहे, हे एवढ्यावरूनही ठरते.

पाच उदाहरणे खरी निघाली म्हणून नियम सिद्ध होत नाही, याचे हे गणितातले ठळक उदाहरण. फर्माच्या क्रमात ६५,५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पुढे तशी एखादी असेल का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.