मूल कुणाचे, निर्णय कुणाचा?

मूल आईबापाचे, हे आपण गृहीतच धरतो. ब्रिटनमध्ये मात्र १९८९ च्या बालक कायद्यानुसार वाद न्यायालयात गेला, की मुलाचे हित सर्वांत वर. पालकांची इच्छा त्यानंतर.

चार्ली गार्डच्या प्रकरणात हीच कसोटी लागली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या या बाळाला पेशींची ऊर्जाच आटवणारा दुर्मिळ जनुकीय आजार होता. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने कृत्रिम श्वासोच्छ्वास थांबवण्याची परवानगी मागितली. आईवडिलांना प्रायोगिक उपचारांसाठी त्याला अमेरिकेस न्यायचे होते. लोकवर्गणीतून १३ लाख पौंड जमलेही होते. उपचार निष्फळ ठरतील, हाल मात्र लांबतील, हे डॉक्टरांचे म्हणणे ११ एप्रिल २०१७ रोजी उच्च न्यायालयाने मानले. २८ जुलैला, पहिल्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, चार्ली गेला.

बाळाला रक्त चढवू न देणाऱ्या पालकांना न्यायालयाने अडवले, तर आपण मान डोलावतो. इथे आईबाप उपचार नाकारत नव्हते, मागत होते! तरीही प्रश्न तोच उरतो : बाळाच्या वाट्याला काय येणार? त्याचे उत्तर आंधळ्या मायेला सापडेलच असे नाही, आणि कोरड्या कायद्यालाही. म्हणूनच अशा प्रत्येक वादात आधी मध्यस्थी व्हावी, असे त्या न्यायाधीशांनीच सुचवले. ते सर्वांनीच मनावर घ्यावे.