उमेदवारीतली उमेद

'उमेदवार' म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. पण छापखान्यात, गॅरेजमध्ये, शिंप्याच्या दुकानात 'उमेदवारी करणे' याचा अर्थ वेगळा होता आणि आहे. उमेद म्हणजे आशा, हा शब्द मूळ फारसी. आज पगार नाही किंवा नावापुरता आहे. पण उद्या काम येईल, कामावर कायम होऊ, या आशेवर जो राबतो तो उमेदवार. उस्ताद, शागीर्द, कारागीर, कसब, हुन्नर हे शब्दही फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि इथलेच झाले.

उस्तादाकडे शिकण्याची आपली रीत 'बघून शीक' अशी. पहिले काही महिने चहा आणायचा, झाडू मारायचा, मागितला की पाना हातात द्यायचा. या रीतीतून नामांकित कारागीर घडले, हे खरेच. पण पाना देता देताच कंटाळून किती मुले निघून गेली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. शिवाय बघून हाताची हालचाल दिसते, ती तशीच का करायची हे दिसत नाही. ते न कळल्यामुळे माल बिघडतो, आणि एखाद्या वेळी मशीनमध्ये बोट जाते.

काम येणे हे एक कसब आणि ते शिकवणे हे दुसरे. ही गोष्ट अमेरिकेला युद्धाने शिकवली. १९४० साली तिथे युद्धसामग्रीचे उत्पादन वाढवायचे होते, पण कुशल माणसे अपुरी होती. दुर्बिणींची भिंगे घासणारा कारागीर तयार व्हायला पाच वर्षे लागतात, असा समज होता. त्या कामाचे तुकडे पाडून पाहिले, तेव्हा बरेचसे भाग नवख्यालाही लवकर शिकवता येतात असे आढळले. मग 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना १९४५ पर्यंत सोळा हजारांहून अधिक कारखान्यांत पोहोचली.

या योजनेत मुकादमांना एक गंमत दाखवत. विजेच्या दिव्याच्या वायरीला मारायची एक गाठ असते. ती कशी मारायची हे आधी नुसते तोंडी सांगायचे. ऐकणाऱ्याला जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवायची. त्यालाही जमत नसे. त्यानंतर चार पायऱ्यांनी तीच गाठ शिकवायची. या पायऱ्यांचे मूळ चार्ल्स अॅलन यांच्या १९१९ सालच्या पुस्तकात आहे.

शर्टाच्या कॉलरचे उदाहरण घेऊ. पहिली पायरी, शिकणाऱ्याची भीती घालवायची आणि त्याला आधीपासून काय येते ते विचारायचे. दुसरी, काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे, त्यातली खुबी आणि तिचे कारणही सांगायचे. कॉलर उलटवण्यापूर्वी टोकाशी उरलेले कापड छाटायचे, ही खुबी. न छाटल्यास टोक जाड आणि बोथट येते, हे कारण. तिसरी, त्याला स्वतःला करू द्यायचे आणि करताना तोंडाने सांगायलाही लावायचे. चौथी, त्याला कामावर सोडायचे, अडल्यास कुणाला विचारायचे ते सांगायचे आणि अधूनमधून जाऊन पाहायचे. आपल्याकडे दुसरी पायरी अर्धी होते आणि चौथी बहुधा होतच नाही. शिकणाऱ्याला जमले नाही, तर आधी आपल्या शिकवण्याकडे पाहायचे, हा या पद्धतीचा गाभा. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली. टोयोटासारख्या कंपनीने १९५० च्या दशकात ती स्वीकारली आणि पुढे तिच्यावर आपल्या कामाची घडी बसवली.

आपल्याकडे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्याही झाल्या. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेच लागतात. उमेदवाराशी करार करावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते. कायद्याच्या लेखी तो कामगार नाही, शिकणारा आहे. तरी सुरक्षिततेचे आणि इजा झाल्यास भरपाईचे नियम त्यालाही लागू आहेत. मात्र प्रशिक्षण संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. म्हणूनच त्या वर्षात हाती काय लागले, याला मोल आहे. वर्षभर एकाच मशीनवर एकच बटण दाबून घेतले, तर कारखान्याला स्वस्तात माणूस मिळतो आणि मुलाचे वर्ष वाया जाते.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी उमेदवारीला लागली, की किती मिळतात हे जरूर विचारावे. पण करारात कोणते काम शिकवायचे लिहिले आहे, तेही वाचून घ्यावे. आणि महिन्याकाठी एकदा जेवताना सहज विचारावे, 'या महिन्यात नवीन काय शिकलीस, आणि ते तसेच का करतात?' दोन-तीन महिने उत्तर आलेच नाही, तर जाऊन मुकादमाला भेटावे.